बादलीतून आलेली मतपत्रिका

२५ ऑगस्ट १९९४, गुरुवार. डेट्रॉइटची नदी, दक्षिणेकडे

ही वही पाककृतींची आहे. पुढची चाळीस पानं पाव, रस्से आणि फळं भरलेले गोड ‘पाय’ यांनी भरलीत, म्हणून हिला बोटीवर कोणी हात लावत नाही. आजपासून मी हिच्यात मागच्या बाजूने लिहिणार आहे. मनात जे साठलंय ते माझ्या हाताखालच्या डेल्बर्टला सांगितलं तर तो सगळ्या बोटीला सांगेल, आणि नाही सांगितलं तर माझा पाव फुगणार नाही.

दुपारी टपालाची होडी आली. आमची खनिजवाहू बोट ‘विल्बर हॅडॉक’ तिच्यासाठी थांबत नाही. होडी पळत पळत बाजूला चिकटते, वरून दोरीला बांधलेली बादली सोडायची आणि पत्रं ओढून घ्यायची. आज बादलीत सिल्वीचं जाडजूड पत्र होतं. सिल्वी माझी शाळेपासूनची मैत्रीण. आमच्या गावात, कल्लिओ बेमध्ये, काय शिजतंय ते मला तिच्याकडूनच कळतं, कारण मार्च ते जानेवारी मी पाण्यावर असते.

सिल्वी लिहिते, किनाऱ्यावरची सौना, आम्हा फिनिश लोकांचं गावाच्या मालकीचं वाफेचं न्हाणीघर, मोडकळीला आलीय. छपराची डागडुजी आणि नवी भट्टी करायची तर गावातल्या प्रत्येक घरावर पाच वर्षं थोडासा कर बसवावा लागेल. नाहीतर सौना आणि तिच्यापुढची वाळू मोटेलवाल्याला विकायची. त्याला तिथे गाड्या लावायला जागा हवीय. २० सप्टेंबरला मतदान. प्रश्न एकच: हो की नको.

सभेत रेइनो उभा राहिला म्हणे. “ज्याला घाम गाळायचाय त्याने घरी लाकडं फोडावीत, आपोआप गळेल,” म्हणाला, आणि लोक हसले.

रेइनो माझा थोरला दीर. खाणीत चाळीस वर्षं काढली, आता एकाहत्तरचा आहे. घरामागे स्वतःची सौना आहे, मग त्याला काय! सात वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही. माझा नवरा ऑन्नी अंगणात लाकडं फोडताना खाली बसला तो उठलाच नाही. मी तेव्हा ह्यूरन सरोवरावर छत्तीस अंडी तळत होते. दफनानंतर सगळे कॉफी घेत होते, तेव्हा रेइनो सगळ्यांच्या देखत म्हणाला, “तू घरी असतीस तर तो असता.” मी कप खाली ठेवला आणि निघाले.

त्या हिवाळ्यात मी दर शनिवारी, बायकांच्या वेळेला, किनाऱ्यावरच्या सौनेत जाऊन सगळ्यात वरच्या फळीवर बसायचे. तिथे सगळ्यांच्याच तोंडावरून पाणी ओघळत असतं. कोण रडतंय ते कोणाला कळत नाही. ती जागा मी गाड्या लावायला देणार नाही.

२६ ऑगस्ट. क्लीव्हलँड

वीस सप्टेंबरसाठी रजा मागितली. बदली स्वयंपाकी मिळत नाही, असं कंपनीचं उत्तर. मग टपाली मत. सिल्वी लिहिते, मतदानाचं काम बघणारी आपल्या गावची क्लार्क व्हर्ना हाउताला हिला सहीचं पत्र पाठव, कारण लिही, बस्स.

चार वेळा लिहिलं. शेवटी जे धाडलं ते असं: “मतदानाच्या दिवशी मी दिवसभर गावाबाहेर असेन. सुपीरियर सरोवरावर सव्वीस माणसांना तीन वेळा जेवू घालत असेन. कृपया मतपत्रिका ‘विल्बर हॅडॉक’ या बोटीवर, डेट्रॉइटच्या टपालहोडीमार्फत पाठवावी.” सही चांगली ठसठशीत केली.

मनात एक शंका आहे, ती इथेच लिहिते. एकवीस वर्षं मी बोटीवर आहे आणि गावच्या एकाही मतदानात मत दिलेलं नाही. डोक्यात कधी आलंच नाही. आता माझ्या आवडीच्या गोष्टीवर आलं तेव्हा मी जागी झाले. सिल्वी हे म्हणणार नाही. रेइनो म्हणेल.

३ सप्टेंबर. डेट्रॉइट, उत्तरेकडे

बादलीत बियाण्यांचा कॅटलॉग आणि कॅप्टनच्या गुडघ्याचं मलम. मतपत्रिका नाही.

जेवणाच्या टेबलावर मात्र आज रण माजलं. डेल्बर्टने तोंड उघडलंच. डेल्बर्ट फाउट्स माझा दुय्यम स्वयंपाकी, बासष्ट वर्षांचा, ओहायोचा. बटाटे सोलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही आणि बातम्या पसरवण्यातही नाही.

मुख्य इंजिनियरने विचारलं, नागव्याने बसून घामाघूम व्हायला सरकारने पैसे का द्यावेत? मी म्हटलं, सरकार नाही, आम्ही देणार. सुकाणूवाला लीलंड म्हणाला, त्याच्या गावात दिवाळखोर गोल्फच्या मैदानाला कर देतात, त्यापेक्षा हे बरं, निदान अंग तरी स्वच्छ होतं. इंजिनाला तेल घालणारा तेलवाला म्हणाला, इंजिनाच्या खोलीत ये, फुकट सौना आहे. शेवटी त्यांनी हात वर करून मतदान घेतलं. सौनेच्या बाजूने चौदा, विरुद्ध पाच, बाकीच्यांनी आणखी मटण मागितलं.

८ सप्टेंबर. डेट्रॉइट, दक्षिणेकडे

आली. पण कशी आली ते लिहायला हवं.

वारा होता. होडी नीट चिकटेना. दोरी ओढत असताना बादली हेलकावली आणि सरळ नदीत. दोन सेकंद असतील. वर आली तेव्हा तिच्यात टपालाबरोबर अर्धी बादली पाणी होतं. सगळ्यात वर माझा लिफाफा, कल्लिओ बेचा शिक्का असलेला.

गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, नेऊन मी तो ओट्यावर उघडला. आत मतपत्रिका, एक सूचनांचा कागद आणि परत पाठवायचं पाकीट. मतपत्रिका ओली, पण शाबूत. वर क्रमांक, खाली प्रश्न, त्याखाली दोन चौकोन. परतीच्या पाकिटाची मात्र गंमत झाली होती. त्याच्या कडेचा डिंक भिजला आणि ते आपलं आपण बंद झालं. रिकामंच. इतकं घट्ट चिकटलं की वाफेवर धरलं तरी सुटेना. जास्त वाफ दिली तर फाटायला लागलं.

डेल्बर्टने मतपत्रिका दोन टॉवेलांमध्ये ठेवून इस्त्री केली. मंद आचेवर, शर्टाची कॉलर करावी तशी. तोंड एकीकडे फिरवून इस्त्री करत होता. म्हटलं, असं काय? म्हणाला, “गुप्त असते ना.” अजून कोरी आहे, हे त्याला सांगितलं नाही.

९ सप्टेंबर. क्लीव्हलँड

व्हर्नाशी रेडिओ-फोनवर बोलले. या फोनचा त्रास असा की पाचही सरोवरांवर ज्याचा ज्याचा रेडिओ चालू असतो त्या सगळ्यांना ऐकू जातं.

व्हर्नाचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा आहे. पाकीट फाडून चिकटपट्टी लावू का, म्हणून विचारलं. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

“उघडून चिकटवलेलं पाकीट मी कसं घेणार, इम्पी? उद्या कोणी विचारलं तर काय सांगू? मी आजच नवं पाकीट टाकते. मतपत्रिका नीट आहे ना?”

“इस्त्री केलीय,” मी म्हटलं.

पानं उलटल्याचा आवाज आला. मग व्हर्ना म्हणाली की इस्त्रीविरुद्ध कायद्यात काही नाही, तिने आत्ताच पाहिलं.

११ सप्टेंबर. सू लॉक, उत्तरेकडे

आम्ही प्रसिद्ध झालोय. लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून बोटी वरच्या सरोवरात चढवायच्या जलद्वारात, दोर धरणाऱ्या माणसाने भिंतीवरून हाक मारली, “पाकीट आलं का?” मी त्याला ओळखतही नाही. काल समोरून आलेल्या एका बोटीच्या स्वयंपाकिणीने रेडिओवरून सांगितलं की तिनेही तिच्या गावच्या शाळा-मंडळासाठी टपाली मत मागवलंय, बादली नीट धरायला सांगितलीय.

आज वेलदोड्याचा पाव केला, आमच्याकडे नीसू म्हणतात तो. दोन लाद्या लॉकच्या माणसांना दिल्या.

१५ सप्टेंबर. डेट्रॉइट, दक्षिणेकडे

पाकीट आलं. कोरडं. बादली आज कॅप्टन ऑगार्डने स्वतः उभं राहून ओढून घेतली. कॅप्टन सहसा टपालाला बाहेर येत नाही.

सोबत सिल्वीचं पत्र. ती आणि तिचा नवरा स्वयंपाकघरात बसून गावची यादी घेऊन मोजत असतात. मत देणारे एकशे सहासष्ट. हो म्हणणारे त्र्याऐंशी, मला धरून. नको म्हणणारे त्र्याऐंशी, रेइनोला धरून. तीन वेळा मोजलं, तेच येतं. बरोबरी झाली तर कर नामंजूर, असा नियम आहे. मोटेलवाल्याची बायको हुल्दा डळमळतेय असं सिल्वीला वाटतं, पण नवऱ्यापुढे तिचं काय चालणार.

शेवटी लिहिलंय, तुझ्या घराचं धुराडं वादळात वाकलं होतं, ते कोणीतरी सरळ करून गेलंय. परसातली लाकडंही फोडून रचलीत. सिल्वीच्या नवऱ्यानेच केलं असणार. स्वभावाने लाजाळू आहे, सांगणार नाही. त्याच्यासाठी लोकरीचे मोजे घ्यायला हवेत.

१६ सप्टेंबर. क्लीव्हलँड

आजचा दिवस नीट लिहिते, कारण मला अजून खरा वाटत नाहीये.

सकाळी व्हर्नाला फोन केला. पाकीट आज इथून टपालात टाकलं तर? ती म्हणाली, तिचं पाकीट मला सहा दिवसांनी मिळालं. माझं तिला मंगळवारी रात्री आठच्या आत मिळायला हवं, एक मिनिटही उशीर चालणार नाही. आज शुक्रवार. मध्ये रविवार.

मी म्हटलं, रविवारी दुपारी आम्ही सू लॉकमध्ये असू. सिल्वी गाडी घेऊन येईल, तिच्या हाती देते.

“सिल्वी तुझी कोण?”

“मैत्रीण. तुला माहीत आहे की.”

“मैत्रिणीला चालत नाही. एक तर तुझ्या घरात राहणारं माणूस हवं, नाहीतर जवळचं नातेवाईक.” आणि तिने पुस्तकातून वाचून दाखवलं. आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नातवंडं. माझं यातलं एकही या जगात नाही किंवा कधी नव्हतंच. मग सासू, सासरे, सून, जावई. मग दीर.

तिने तिथे वाचणं थांबवलं.

मी म्हटलं, दुसरं काहीच नाही का? ती म्हणाली, दुसरं काही नाही. मग तूच त्याला सांग ना, मी म्हटलं. व्हर्ना म्हणाली की नाही, विनंती मतदारानेच करायला हवी. पुस्तकात तसं लिहिलंय म्हणाली. ते वाक्य मात्र तिने वाचून दाखवलं नाही.

मी गॅलीत येऊन कांदे चिरले. अकरा कांदे चिरले, रश्श्याला चार लागतात. जो माणूस ‘नको’वर फुली मारणार आहे त्याच्या हातात मी माझा ‘हो’ द्यायचा? जाऊन-येऊन आठ तास गाडी चालवायला सांगायची, स्वतःला हरवण्यासाठी? आणि तेही त्या कॉफीनंतर? डेल्बर्ट कांद्यांकडे बघत म्हणाला, “विचारून बघायला काय जातं? नाही म्हणाला तर आहेस तिथेच आहेस.” त्याला सोपं आहे. त्याला फोन करायचा नाही.

दोन वाजता केला. घंटा सहा वेळा वाजली.

“रेइनो, मी इम्पी.”

मला वाटलं, ठेवला.

“ऐकतोय,” तो म्हणाला.

मी सांगितलं. भरभर सांगितलं, दर वाक्याला बटण दाबून, सोडून. पाकीट कसं भिजलं, कोण चालतं, कोण चालत नाही. शेवटी म्हटलं की तुझं मत काय आहे ते मला माहीत आहे, त्यामुळे तू नाही म्हणालास तर मी काही धरणार नाही.

“किती वाजता?”

“रविवारी. एकच्या सुमाराला. पण बोट आहे, पुढे-मागे होतं.”

“मी दहापासून असेन,” म्हणाला. आणि ठेवला.

अर्ध्या सरोवराने ऐकलं असणार. कोणीही त्यावर रेडिओवर चकार शब्द काढला नाही.

१७ सप्टेंबर. ह्यूरन, उत्तरेकडे

मत दिलं.

जागा: कोठीघर, कांद्याच्या आणि पिठाच्या पोत्यांमध्ये. दाराबाहेर डेल्बर्ट पाठ करून उभा. कॅप्टनने फर्मान काढलं होतं की साडेदहा ते पावणेअकरा गॅलीकडे कोणी फिरकायचं नाही, कॉफीसाठीसुद्धा नाही. साखरेच्या पिंपावर कागद ठेवला. चौकोनात फुली मारायची, दोन रेघा चौकोनाच्या आत एकमेकींना छेदायला हव्यात. सूचना मी सात वेळा वाचल्या असतील. आधी पिठाच्या पोत्यावर बोटाने दोन-चार फुल्या मारून पाहिल्या.

मग मारली. क्रमांक दिसेल अशी घडी घातली, पाकिटात घातली, बंद केली, वर सही केली. दोन मिनिटं लागली. उरलेली तेरा मिनिटं मी तिथेच पोत्यावर बसून राहिले. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, आणि पहिल्यांदा नाचाला बोलावलेल्या मुलीसारखी.

बाहेर आले तर जेवणघरात सगळे उभे होते. मुख्य इंजिनियरने माझ्यासाठी कॉफी ओतली. एकवीस वर्षांत या बोटीवर मला कोणी कॉफी ओतून दिली नव्हती.

१८ सप्टेंबर, रविवार. सू लॉक

बाराला दहा कमी असताना आत शिरलो. आमची बोट रिकामी होती, उंच तरंगत होती, तरी सुरुवातीला डेक भिंतीपेक्षा हातभर खालीच असतो. मग पाणी भरतात आणि बोट वर चढते. म्हणजे पाकीट द्यायचं तर पहिल्या काही मिनिटांतच.

कॅप्टनने लॉकच्या साहेबाला सांगून ठेवलं होतं. रेइनो भिंतीवर उभा होता, दोर धरणाऱ्या माणसाच्या शेजारी. चर्चचा कोट घातला होता. केस पांढरे झालेत. मला माहीत नव्हतं.

माझ्या एका हातात पाकीट, दुसऱ्यात नीसूची लादी कागदात गुंडाळलेली. पाव आणायचं मी ठरवलं नव्हतं. निघताना हातात होता.

“ये, दे,” तो गुडघ्यावर बसून म्हणाला. गुडघा कुरकुरला, मला ऐकू आलं.

मी कठड्यावरून वाकून आधी पाकीट दिलं. त्याने ते बघितलं, सही बघितली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून वरून बटण लावलं. मग पाव दिला.

“तू विरुद्ध आहेस,” मी म्हटलं. “तरी आलास.”

“मत तुझं आहे. मी फक्त नेणार.” मग म्हणाला, “ऑन्नी तिथे जन्मला, माहीत आहे का तुला? किनाऱ्यावरच्या सौनेत. मी पण. घरात ऊब नव्हती, तर आईने तिथे... तिथेच गरम पाणी असायचं.”

मला माहीत नव्हतं. ऑन्नीने कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, असं होय. दुसरं काय म्हणणार? म्हातारपणी माणसाला जुन्या गोष्टी आठवतात, भलत्या वेळेला.

तेवढ्यात पाणी भरायला लागलं. बोट चढू लागली. तो उभा राहिला तरी त्याचं डोकं आधी माझ्या कमरेशी, मग पायाशी, मग खूप खाली. पाण्याचा आवाज, वर आमच्या भोंग्याची एक हाक. त्याने टोपी काढली आणि वर बघून काहीतरी ओरडला. मी कानामागे हात धरला. तो पुन्हा ओरडला. मला त्यातलं ‘सात’ एवढंच ऐकू आलं. सोमवारी सकाळी सात वाजता व्हर्नाकडे देतो म्हणाला असेल. मी मान हलवली, हो हो, ठीक आहे, अशी खूण केली. तर तो डोळे पुसायला लागला. वारा होता.

लॉकमधून बाहेर पडेपर्यंत मी मागे बघत होते. तो तिथेच उभा होता, बगलेत पाव धरून.

१९ सप्टेंबर. सुपीरियर, टू हार्बर्सच्या वाटेवर

न्याहारीच्या वेळी व्हर्नाचा फोन. पाकीट पोचलं. तारीख-वेळ टाकून कुलपात ठेवलंय.

रेइनो काल संध्याकाळीच तिच्या दारात हजर झाला. ती चर्चच्या जेवणाला गेली होती, तर पायरीवर दोन तास बसून राहिला. मग सातचं काय होतं? असो.

पण एक घोळ आहे. पाकिटावर एक रकाना असतो: आणून देणाऱ्याचं नाव, सही आणि मतदाराशी नातं. रेइनोने नात्यापुढे ‘भाऊ’ लिहिलंय. दीर नाही. भाऊ.

माझ्या हातातून चमचा पडला. म्हटलं, व्हर्ना, चुकीचं लिहिलंय म्हणून बाद तर नाही ना होणार? चाळीस वर्षं खाणीत कामाचे तक्ते भरलेला माणूस, एक शब्द नीट लिहिता येऊ नये? व्हर्ना म्हणाली की यादीत भाऊही आहे आणि दीरही आहे, दोघेही चालतात. तिने त्याला विचारलं होतं, हेच लिहायचं का? तर तो म्हणाला, हेच.

“इम्पी, तू ऐकतेयस ना?” तिने विचारलं.

मी म्हटलं, ऐकतेय, पण माझी अंडी करपतायत. खरंच करपत होती. आज सगळ्यांना थोडी करपलेली अंडी मिळाली, आणि एकानेही तक्रार केली नाही. ही बोट बिघडत चाललीय.

२० सप्टेंबर, मंगळवार

आज. खनिज भरून निघालो. सरोवर आरशासारखं.

दिवसभर मी कल्पना करत होते: लाकडी पेटी, टेबलामागे व्हर्ना, सिल्वी सकाळी सातलाच रांगेत, हुल्दा नवऱ्याच्या मागे. दुपारी एकच्या सुमाराला, जेवण झाल्यावर, रेइनो. तो जाणारच. पेनाने चौकोनाच्या मधोमध फुली मारणार. रीत म्हणजे रीत.

मला राग यायला हवा. शोधला, सापडला नाही. ब्लूबेरीचे सहा पाय केले.

२१ सप्टेंबर. व्हाइटफिशच्या खाडीत

झालं!

सकाळी सहालाच फोन, व्हर्नाच. तिचा शाळेतल्या बाईंचा आवाज कुठेतरी गेला होता. हो: चौऱ्याऐंशी. नको: ब्याऐंशी. दोनदा मोजलं.

मी गॅलीच्या दारात उभी राहून तेच आकडे ओरडून सांगितले. डेल्बर्टने बटाट्याची पाटी हवेत उडवली आणि मग स्वतःच गोळा करत बसला. तेलवाला, ज्याने विरुद्ध हात वर केला होता, तोही टाळ्या वाजवत होता. आम्ही सगळे हसत होतो, एका सौनेसाठी, जी त्यांच्यातल्या कोणीही पाहिलेली नाही.

मग शांत बसून हिशेब केला. माझं मत नसतं तरी त्र्याऐंशी-ब्याऐंशीने पास झालंच असतं. म्हणजे एवढा खटाटोप, बादली, इस्त्री, आठ तासांची गाडी, सगळं नसतं केलं तरी चाललं असतं. याचं वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. चौऱ्याऐंशीतली एक मी आहे. ते कागद एकावर एक ठेवले तर मधे कुठेतरी माझा असेल, थोडासा जास्त सपाट.

सिल्वीचं गणित मात्र एकाने चुकलं. म्हणजे हुल्दाने नवऱ्याला हूल दिली. त्या बाईत एवढी हिंमत असेल असं मला वाटलं नव्हतं. तिला पत्र लिहायला हवं, नाव न घेता, अभिनंदनाचं. रेइनोची मला दया येते. बिचारा एवढा विरोध करून हरला, आणि हरवणारं एक मत त्याने स्वतः नेलं.

नऊ वाजता समोरून एक बोट आली, वर जाणारी. कॅप्टनने काही सांगितलेलं नव्हतं. शेजारून जाताना तिने भोंगा दिला, तीन लांब, दोन आखूड. ही सलामी कॅप्टन लोक एकमेकांना देतात. आमच्या कॅप्टनने उत्तर दिलं नाही. त्याने वरून गॅलीत फोन केला.

“मिसेस राउटिओ, वर या,” म्हणाला. “सलामी तुम्हाला आहे. उत्तर तुम्ही द्या.”

मी अंगावरचं एप्रन तसंच ठेवून पायऱ्या चढले. भोंग्याच्या दोरीला हात घातला. तीन लांब, दोन आखूड. शेवटचा जरा जास्तच लांबला.

२१ जानेवारी १९९५, शनिवार. कल्लिओ बे

बोट हिवाळ्यासाठी बांधून ठेवली. मी घरी येऊन पाच दिवस झाले.

सिल्वीच्या नवऱ्याला मोजे दिले. तो गोंधळला, कशाबद्दल म्हणून विचारत राहिला. फार लाजाळू माणूस.

आज दुपारी बायकांची वेळ. नवं छप्पर, नवी भट्टी, भिंतीला अजून ताज्या देवदाराचा वास. गावातल्या बावीस बायका, पुढच्या महिन्यात शहाण्णव पुरी करणाऱ्या मिसेस निएमीपासून सगळ्या. हुल्दाही होती. मी तिच्या शेजारी बसले आणि हळूच म्हटलं, “धन्यवाद.” तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मला उष्णता चढलीय. किती छान लपवते!

भट्टी पेटवायचं काम रेइनोने स्वतःहून घेतलंय. पहाटे येतो, लाकडं आणतो, दुपारपर्यंत दगड तापवून बाहेरच्या खोलीत बसतो. मी कपडे करून बाहेर आले तर तो थर्मासमधून कॉफी ओतत होता. दोन कप होते. बसले.

बराच वेळ आम्ही बर्फाबद्दल बोललो. मग मी विचारलंच.

“रेइनो, खरं सांग. तू कशावर फुली मारलीस?”

त्याने कॉफीचा घोट घेतला. “मत गुप्त असतं, इम्पी.”

“माझं तर तुला माहीत होतं.”

“मी पाकीट उघडलं नव्हतं,” तो म्हणाला, आणि उठून भट्टीत आणखी एक ओंडका घातला, आत मिसेस निएमी वाफ कमी पडतेय म्हणून ओरडत होती.

‘नको’वरच मारली असणार. एवढा हट्टी माणूस बदलत नाही. पण मी ते मनातून काढून टाकलंय. उद्या त्याला जेवायला बोलावलंय. एका फुलीसाठी घरच्या माणसाशी किती दिवस अबोला धरायचा.